चिलट कुणाचं, माशी कुणाची

किस्सा घडत असतो तेव्हा तो किस्सा आहे हे कुणालाच कळत नाही. तेव्हा ती नुसती कटकट असते. कुणाला मेमो मिळालेला असतो, कुणाचं डोकं ठणकत असतं, कुणी जेवणाचा डबा तसाच भरलेला घरी परत नेलेला असतो. मग दहा-बारा वर्षं जातात, माणसं पांगतात आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीत जुना सहकारी शेजारी येऊन बसतो. म्हणतो, "आठवतं का रे, ती पट्टी?" झालं! पुढचा अर्धा तास वाढपी श्रीखंड घेऊन उभा आणि आमचं लक्षच नाही.

माझ्याकडे असले किस्से बरेच साठलेत आणि सगळे माश्यांचे आहेत. जेवण आटोपल्याशिवाय सांगायचे नाहीत, एवढं पथ्य मी पाळतो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी नाशकात एम.एस्सी. झालो आणि अंबडच्या एमआयडीसीत एका केचपच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून चिकटलो. उन्हाळ्याच्या तोंडाला द्राक्षाचा रस, पाऊस सरला की टोमॅटोचा केचप, मधल्या काळात मिळेल त्या फळाचा जॅम. मालक म्हणजे शेठ. मूळचे कांद्याचे व्यापारी. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते 'ही आज ना उद्या सडणार' अशाच नजरेनं बघत.

कारखान्याला दोन टोकं होती. एका टोकाला सॉर्टिंग, म्हणजे टोमॅटो निवडायची खोली. तिथल्या मुकादम ताराबाई. दुसऱ्या टोकाला पॅकिंग, म्हणजे बाटल्या भरून झाकणं लावायची खोली. तिथले सुपरवायझर कुलथे. आणि बरोबर मध्ये माझी लॅब, चारी बाजूंनी काचेची. मला दोन्हीकडचं दिसायचं आणि दोन्हीकडच्यांना मी दिसायचो. नोकरीभर मी डुलकी काढली नाही त्याचं कारण एवढंच.

*

पहिल्या दिवशी शेठनी माझ्या हातात एक रजिस्टर ठेवलं. वर लाल शाईनं लिहिलं होतं, 'माशी'. आत दोन रकाने. 'मोठी' आणि 'चिलट'.

दोन्ही खोल्यांत पिवळ्या चिकटपट्ट्या टांगलेल्या असायच्या. रोज सकाळी आठ वाजता त्या उतरवायच्या, भिंगाखाली धरायच्या आणि कोणत्या खोलीत किती मोठ्या, किती चिलटं ते लिहायचं. भिंग लागायचंच. मोठी माशी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, पण चिलट म्हणजे नुसता ठिपका. त्याचे डोळे, पंख, पाय काही म्हणता काही दिसत नाही.

"शेठ, मी एम.एस्सी. आहे," मी जरा दुखावून म्हणालो.

"म्हणून तर तुम्हाला घेतलं! आधीचा बी.कॉम. होता. त्याची बेरीज बरोबर यायची, पण माशी चुकायची!"

या मोजणीमागे शेठचं शास्त्र होतं. मोठी माशी बाहेरची. ती उकिरड्यावरून येते, गटारीवरून येते, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून येते. दार उघडं राहिलं की आत. आणि माल ट्रकमध्ये चढवायचं मोठं दार पॅकिंगचं. म्हणून मोठी माशी सापडली की दोष कुलथ्यांचा. चिलट आतलं. फळ फुटलं, आंबायला लागलं, की ते हजर. फळं निवडायची सॉर्टिंगनं. म्हणून चिलट सापडलं की दोष ताराबाईंचा.

भिंतीवर शेठच्या अक्षरात एक नोटीस होती. 'मालात माशी निघाल्यास, ज्या खात्याची माशी त्या खात्याचा मुकादम घरी.'

मी ती वाचून हसलो. आजूबाजूला पाहिलं तर हसणारा मी एकटाच होतो.

ताराबाईंना तर हसणं परवडणारंच नव्हतं. त्या मखमलाबादच्या. घरचा झेंडूचा आणि गिलक्यांचा मळा दिरांमध्ये वाटला गेला होता आणि नवरा विहिरीत उतरताना पडून पाठीनं कायमचा बसला होता. घर ताराबाईंच्या पगारावर चालायचं. शिवाय गल्लीतल्या आठ बायका त्यांनीच कामाला आणल्या होत्या. ताराबाई गेल्या तर त्या आठही जातील, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

*

शेठची पक्की समजूत होती की चिलट म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू.

खरं सांगू? माझीही तीच होती. मी केमिस्ट्रीवाला. प्राण्यांशी माझा संबंध मेसमधल्या मटणाच्या रश्श्यापुरता.

तर शेठनी मीटिंग बोलावली. "देखो," ते म्हणाले, "आपण मोठ्या माश्यांच्या मागे धावतो, हीच चूक आहे. पिल्लं मारा! पिल्लंच राहिली नाहीत तर मोठ्या येतील कुठून?"

आठवडाभर सगळा कारखाना चिलटांच्या मागे लागला. नाल्या धुतल्या, क्रेट धुतले, रोज जमीन पुसली. चिलटांचा रकाना जवळजवळ रिकामा झाला. मोठ्या माश्या मात्र होत्या तेवढ्याच. शेठ रजिस्टर घेऊन बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "समजलं! पिल्लं बाहेर वाढवतात आणि मोठी करून आत आणतात!"

कोपऱ्यात क्रेट मोजत उभ्या असलेल्या ताराबाईंना राहवेना. "शेठ, चिमनी मोठी झाली म्हनून तिची घार व्हती का? ही जात येगळी, ती जात येगळी. चिलट म्हातारं झालं तरी चिलटच ऱ्हातं."

शेठनी रजिस्टर मिटलं. मीही भिंग पुसायला घेतलं.

"मग चिलटाचं पिल्लू कुठं असतं?" शेठनी विचारलं.

"ते सडक्या टमाट्यात वळवळतं. म्हनून तर आमी नऊ बाया दिवसभर निवडतो ना!"

त्या दिवसापासून शेठनी घरी केचप नेणं बंद केलं.

*

मुंबईच्या एका प्रदर्शनातून शेठ माश्या मारायचा निळा दिवा घेऊन आले. मध्ये निळी नळी, पुढे तारांची जाळी. माशी उजेडाला भुलते, जाळीला टेकते आणि चट्! खाली.

एवढी महागाची वस्तू! येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको? शेठनी तो पॅकिंगच्या मोठ्या दारासमोरच टांगला, तोंड रस्त्याकडे करून. समोर खुर्ची टाकून स्वतः बसले. चट् झालं की म्हणायचे, "एक!" पुन्हा चट्. "दो!" दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगची पट्टी मोजली. मोठ्या माश्या तिप्पट! तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. कुलथ्यांचा चेहरा उतरला. नोटीस त्यांनाही पाठ होती. चिलटं मात्र मजेत होती. ती तारांच्या मधून आत जायची, नळीवर जरा शेकायची आणि परत यायची.

चौथ्या दिवशी रस्त्यापलीकडचा टपरीवाला हातात चहाची किटली घेऊन आला. शेठच्या पाया पडायचंच त्यानं बाकी ठेवलं.

"शेठ, तुमचे लय उपकार झाले! तुमी दिवा लावल्यापासून माझ्या दुकानात एक माशी नाय!"

*

याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरीला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. कांदेपोहे पुढे आले आणि त्यांनी विचारलं, "कामाचं स्वरूप काय आपल्या?"

मी मोठ्या तयारीनं सांगायला लागलो. गुणवत्ता नियंत्रण, प्रयोगशाळा, नमुना तपासणी. तेवढ्यात माझा मामा मध्येच बोलला, "अहो, माश्या मोजतो!"

माझ्या आईनं मामाकडे असं पाहिलं की त्यानं पोहे खाली ठेवले. मुलीच्या वडिलांनी मात्र मान हलवली.

"रोज?"

"रोज. सकाळी आठला."

"जातवार?"

"हो. मोठ्या वेगळ्या, चिलटं वेगळी."

त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. "घ्या. म्हणजे तुमचं आमचं खातं एकच. उडणाऱ्या वस्तूंची नोंद!"

लग्न झालं. सासरे अजूनही फोनवर आधी माश्यांची खुशाली विचारतात आणि मग माझी.

*

द्राक्षाच्या हंगामात एकदा ताराबाई लॅबच्या काचेवर टकटक करायला लागल्या. मला वाटलं, पट्टीबद्दल काही असेल.

"सायेब, मागच्या शेडमधल्या त्या निळ्या पिंपावर चिलटं घिरट्या घालत्यात. आत काहीतरी चाललंय."

त्या पिंपात द्राक्षाचा रस होता. आठवड्यापूर्वी काढलेला, सील केलेला. मी शेठना सांगितलं. शेठ आले, पिंपाभोवती एक चक्कर मारली, झाकण हलवून पाहिलं. झाकण घट्ट.

"ताराबाई, मुंगी शिरणार नाही एवढं घट्ट झाकण आहे. आत काय चालणार? चिलट वेडं आहे!"

"शेठ, माशी काय, कुठंबी बसती. तिला शेण चालतं न् श्रीखंडबी चालतं. चिलट उगं येत नाय."

"तुमचा चिलटावर भारी विश्वास!"

ताराबाईंनी आपल्या आठही बायकांना डबे घेऊन दुसऱ्या शेडमध्ये जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवत असताना मागच्या शेडमध्ये असा धडाका झाला की टपरीवाला धावत आला. पिंपाचं झाकण उडून पत्र्यात रुतलं होतं. कारंज्यासारखा रस उडत होता आणि आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. तीन हमाल मदतीला म्हणून आत गेले ते संध्याकाळपर्यंत आनंदातच होते.

शेठ डोक्यावरून द्राक्षाचा रस निथळत उभे. ताराबाईंनी त्यांच्यापुढे आपला रुमाल धरला.

"चिलट शहानं निघालं, शेठ."

त्या दिवसानंतर मी चिलटांच्या बाबतीत ताराबाईंना विचारल्याशिवाय रजिस्टरमध्ये शेरा लिहिला नाही. मला ती बाई मनापासून आवडायला लागली होती. त्यांना वासावरून, घिरट्यांवरून जे कळायचं ते मला भिंगातून कळत नसे.

*

एका वर्षी शेठनी सगळ्या कामगारांची सहल वणीच्या गडावर काढली. दर्शन झालं, पायऱ्या उतरलो आणि एका प्रसादाच्या दुकानाशेजारी सावलीला बसलो. कुलथ्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला. लगेच एक जाडजूड माशी येऊन पेढ्यावर बसली.

"कुलथे भाऊ," ताराबाई म्हणाल्या, "तुमची आली बघा."

तेवढ्यात बायकांच्या केळ्यांवर चिलटं जमली. कुलथ्यांना जोर आला. "आणि ही कुणाची? तुमचीच ना? दोन, चार, सहा! लिहा हो केमिस्ट!"

"आमची सहाच हायती. तुमच्या मोजा. ती एक, ती दुसरी, ती त्या पोराच्या नाकावरची तिसरी!"

"नाकावरची आमच्यात धरायची नाही!"

"मोठी हाय ना? मग तुमचीच!"

दोन्ही खाती उभी राहिली. माश्या एकमेकांच्या नावावर टाकत अर्धा तास भांडण चाललं आणि इतर यात्रेकरू पेढे विसरून आमच्याकडे बघत बसले. शेवटी प्रसादाचा दुकानदार हात जोडून बाहेर आला.

"दादा, ताई, तुमच्याच असतील तर घेऊन जा ना आता!"

*

आता पट्टीचा किस्सा. पंगतीत ज्याची फर्माईश होते तो हाच.

मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं कारखाना तपासायला इन्स्पेक्टर पाठवला. ऑर्डर मोठी होती, त्यामुळे शेठ तीन दिवस जमिनीवर पाय ठेवत नव्हते. इन्स्पेक्टर किरकोळ बांध्याचे, हळू बोलणारे. पण आत शिरल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माश्यांचा.

त्या सकाळी पॅकिंगच्या पट्टीवर अकरा मोठ्या माश्या होत्या. कुलथे इन्स्पेक्टर यायच्या आधी माझ्याकडे आले. "साहेब, तुमचा चिमटा द्या जरा. बोटात कुसळ गेलंय." मी दिला. मला काय माहीत!

इन्स्पेक्टरांनी पॅकिंगची पट्टी उतरवायला सांगितली. ती धरायला ताराबाईंना बोलावलं, कारण कुलथ्यांनी बोटातल्या कुसळाचं निमित्त पुढे केलं.

"वा!" इन्स्पेक्टर म्हणाले. "एकही माशी नाही."

कुलथ्यांची छाती दोन इंच पुढे आली. शेठ हसले. मी रजिस्टर पाठीमागे धरलं.

मग इन्स्पेक्टरांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं. पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"माश्या नाहीत," ते म्हणाले. "पाय मात्र आहेत. साठेक असतील."

चिमट्यानं उपटल्यावर माशी निघते, पण पाय डिंकात रुतलेले असतात. ते तसेच मागे राहतात, सहा-सहाच्या घोळक्यानं. हे कुलथ्यांना माहीत नव्हतं. खरं म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. इन्स्पेक्टरांनी भिंग एकेकाच्या हातात दिलं आणि सगळ्यांना बघायला लावलं. ताराबाईंनी सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं.

कुलथे घामाघूम. "साहेब, त्या... त्या कदाचित..."

"मला आत येताना तुम्ही चपला बाहेर काढायला लावल्या," इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले. "तुमच्या माश्या पायसुद्धा काढून ठेवतात की काय?"

ऑर्डर सहा महिने लांबली. कुलथे वाचले, कारण माश्या पट्टीवर होत्या, मालात नव्हत्या. नोटिशीत फक्त मालाचं लिहिलं होतं.

*

शेवटचा जो किस्सा आहे तो मी पंगतीत सांगत नाही. त्यात मी जिथे उभा होतो ती जागा मला अजून आवडत नाही.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. टोमॅटो निवडायच्या मशिनचं रंगीत पत्रक शेठच्या टेबलावर पडलेलं असायचं. बेल्टवरून टोमॅटो जाणार, सडका आपोआप बाजूला पडणार. मग नऊ बायकांची गरज नाही. शेठ ते पत्रक उघडायचे आणि मिटायचे. ताराबाईंना स्वतःहून काढायला त्यांचं मन होत नव्हतं. कुलथे मात्र अधूनमधून सुचवायचे, "शेठ, मशीन बोलत नाही, रजा मागत नाही."

एका सोमवारी सकाळी त्र्यंबकच्या एका खानावळीतून फोन आला. मीच घेतला. खानावळवाला तापलेला होता.

"तुमच्या केचपात माशी निघाली! समोरच्या बाकावरच्या यात्रेकरूनं लांबून बोट दाखवलं तेव्हा आम्हाला कळलं. माझी काय अब्रू राहिली? बाटलीला झाकण लावून टेम्पोनं पाठवतोय. तुमच्या डोळ्यांनी बघा!"

बातमी पाच मिनिटांत दोन्ही खोल्यांत गेली. सॉर्टिंगमधला रोजचा कलकलाट थांबला. ताराबाई टोमॅटो निवडत होत्या, पण एकच टोमॅटो हातात घेऊन त्या बराच वेळ फिरवत राहिलेल्या मला काचेतून दिसल्या.

परत आलेला माल पॅकिंगच्या दारातून आत यायचा. टेम्पो अकराला आला. साडेअकराला कुलथे ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून लॅबमध्ये घेऊन आले.

"मी उघडूनसुद्धा पाहिली नाही," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

शेठ आले. ताराबाईंना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. बाहेर काचेला आठ बायका चिकटल्या होत्या. त्यांना हाकलावं असं कुणाच्याच मनात आलं नाही.

मी झाकण काढलं. बाटलीच्या तोंडाशीच केचपमध्ये एक गडद ठिपका होता. सुईनं उचलला, स्पिरिटमध्ये धुतला, काचपट्टीवर ठेवला. भिंगाला डोळा लावायच्या आधी मी मनातल्या मनात म्हटलं, मोठी निघू दे. लहानशी का होईना, पण मोठी निघू दे. देवाकडे इतक्या मनापासून मी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

लाल डोळे. पिवळट अंग. चिलट.

पुन्हा पाहिलं. डोळे पाहिले, पंख पाहिले. मग पेन उचललं आणि इतकी वर्षं जे करत आलो तेच केलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चिलट, एक.'

शेठनी वाचलं. खुर्चीवर बसले.

"ताराबाई, नोटीस माझीच आहे," ते म्हणाले. "मी काय बोलू आता?"

"वाईट वाटतं," कुलथे म्हणाले. "पण नियम तो नियम."

बाहेरची एक बाई रडायला लागली. ताराबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या भिंगाकडे बघत होत्या.

"शेठ, मला एकदा बघू द्या."

"बघून काय होणार, ताराबाई?"

"ज्याच्यापायी घरी जायाचं, त्याचं तोंड तरी बघते."

मी बाजूला झालो. त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. त्यांनी डोळा काढला, पदरानं भिंगाची काच पुसली आणि पुन्हा लावला. मी वर्षानुवर्षं त्या भिंगातून बघत होतो. इतका वेळ मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग त्या सरळ उभ्या राहिल्या. शेठकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. रिकामे क्रेट मागताना त्यांचा जो आवाज असायचा, त्याच आवाजात त्या म्हणाल्या,

"कुलथे भाऊ, याचे पाय कुठल्या पट्टीवर ऱ्हायले?"